टाकीचा उपास

लग्नसराईत आमच्या टाकीचं पोट बिघडतं.
एरवी मार्केट यार्डातली कोबीची पानं,
कोथिंबिरीच्या काड्या, नासके टोमॅटो,
सगळं मुकाट पचवते बिचारी.
पण परवा बिबवेवाडीच्या कार्यालयातून
दोन पिंपं जिलबी आली. अख्खी.
वर मठ्ठा ओतलेला.

सकाळी शेगडीची ज्योत बर्नर सोडून उचलली,
थरथरली,
गेली.

वैजंतानं स्लरीच्या तोंडाशी नाक नेलं.
"आंबलीय."
कागद बुडवून रंग बघायची गरज नाही तिला.
साहेब फोनवर आकडे मागत होते, तोवर
तिनं चुन्याची निवळी पाजली,
कात्रजच्या गोठ्यातलं शेण, दोन घमेली,
आणि खडूनं दारावर लिहिलं:
आज हिला काही देऊ नये.

रिकामे हात. मग पिंपं उपसत बसलो.
एकोणीस चमचे निघाले,
एक कवळी (ती ठेवली नाही),
आणि तळाशी वाटी, तिच्यावर कोरलेलं:
चि. शालनला, मामाकडून.
वैजंतानं राखेनं घासून खिडकीत ठेवली,
कुणी विचारत आलंच तर.

तिसऱ्या दिवशी ज्योत निळी, बुटकी, ठाम.
मागे चाळणीखाली खत पडत होतं, काळं, भुसभुशीत.
हुंगून पाहिलं.
जिलबीचा नाही, कशाचाच वास नाही.
"वास संपला की झालं," वैजंता म्हणाली,
आणि चहा टाकला.

कप तीनच. माणसं चार.
शालनताई, अजून कुणी आलं नाही विचारायला.
मी तुमच्या वाटीतून प्यालो,
फुंकर घालत.