डावा पाय

निर्गुडी कॅनॉलच्या कडेला आपली आपण येते,
कुणी लावत नाही, कुणी विचारत नाही.
पर्वती पायथ्याच्या बायका
जाता-येता ओंजळभर ओरबाडून नेतात.
मी कात्री नेते.
कलावती हसते माझ्या कात्रीला,
"झाडाला काय सांधे असतात?"
असतील.

पानं धुवायची, पिळायची नाहीत.
पाटा दिला धाकट्या जावेला,
म्हणून आता खलबत्त्यात, थोडी थोडी.
हिरवा उग्र वास जिन्यापर्यंत जातो,
वरचे भाडेकरू खिडकी लावून घेतात.
घेऊ देत.

मग लोखंडी कढई, तिळाचं तेल,
ओवा चिमूटभर नव्हे, मूठभर,
लसणाच्या पाकळ्या सालासकट,
आणि मंडईतल्या काष्ठौषधीवाल्याची आंबेहळद.
तो दर खेपेला विचारतो,
"मुका मार आहे, की नुसतं दुखतंय?"
त्याच्या लेखी हे दोन निराळे विषय.
मी म्हणाले, "झिजलंय."
त्यानं जाडं मीठ पुडीत घातलं, पैसे धरले नाहीत.

फडकं यांच्या खाकी शर्टाचं.
चौतीस वर्षं घाम प्यालेलं कापड
ऊन चांगलं धरून ठेवतं.
गाठ मारली की बिल्ल्याची दोन भोकं वर येतात,
वाफ तिथूनच निघते.

पोटली आधी आपल्या हातावर टेकवायची,
अंगठ्याच्या मुळाशी,
जिथे पोळ्या लाटून लाटून माझंही काहीतरी अडकलंय.
मला सोसलं, तर यांना सोसेल.
कधी कधी मी जरा जास्त वेळ बघते
सोसतंय का.

गुडघा डावाच.
कात्रज ते निगडी, निगडी ते कात्रज,
क्लच दाब, सोड, अर्धा धर, दाब.
उजवा पाय अजून तरणा आहे,
त्याला काहीच माहीत नाही.

पुतण्या समाधान आता विजेची गाडी चालवतो.
परवा पेढे घेऊन आला, सांगत होता,
"काका, क्लचच नाही. डावा पाय नुसता बसून असतो."
पेढा हातात तसाच राहिला.
दोन दिवस हे धड बोलले नाहीत,
टीव्हीचा आवाज मात्र वाढवत राहिले.

रात्री शेक देता देता यांचा डोळा लागतो.
मी पोटली फिरवते, वाटीभोवती, मागच्या शिरेवर,
आणि माझ्या हाताखाली पाय हलतो:
पंजा खाली जातो, थांबतो,
हळूच वर येतो.
पुन्हा खाली.
झोपेत गर्दी आहे, दिसतंच आहे.

"कुठे आलो?" मी विचारते.
"पद्मावती," डोळे मिटूनच.
"पुढे सरका म्हणावं."

पोटली निवत आलेली असते.
तवा तापलेला, पुन्हा एकदा शेकून आणता येईल,
पण पंजा क्लचवर तसाच दाबून राहिलाय,
कुणाची तरी वाट बघत.
कोण चढतंय एवढा वेळ?

मी उलथनं उचलते
आणि तव्याच्या कडेवर वाजवते,
दोनदा.

पाय सुटतो.