बारदान

अर्ज गेला.
संध्याकाळी सहा बावन्नला,
कोपरखैरणे गावातल्या म्हात्रे झेरॉक्समधून,
जिथे पंखा पोचत नाही त्या कोपऱ्यातल्या संगणकावरून.
म्हात्र्यांचा पोरगा म्हणाला, एकदा बघून घे ताई.
मी बघितलं,
म्हणजे पर्समधून सुटे काढत काढत बघितलं.

रात्री फोनवर पावती उघडली
तेव्हा तो दिसला.
‘मी या अभ्यासक्रमासाठी अत्यंत उत्सूक आहे.’
दीर्घ ऊ.
ठाण्याच्या कॉलेजात, पत्रकारितेला,
जिथे माहितीपत्रकात दुसऱ्याच ओळीत लिहिलंय
भाषेवर प्रभुत्व आवश्यक.

एक ढेकूण दिसला की माणूस अख्खी गादी उलटतो,
तशी मी ती तीन पानं उलटत बसले.
ज्ञानदा.
शाळेच्या दाखल्यावर मी डीनं सुरू होते, आधारवर जीनं.
अर्जात डी आहे.
डीच आहे ना?
आहे.
खोली क्रमांकानंतर स्वल्पविराम नाही.
बारावीच्या टक्क्यांत दशांशचिन्ह आहे,
पण इतकं बारीक, की स्क्रीनवरची धूळ वाटावी.
खाली लाल अक्षरांत:
दुरुस्तीची मुदत संपली आहे.

रुबीना म्हणाली, कोण वाचतंय एवढं, झोप.
पण मला तो वाचणारा दिसत होता.
चष्मा कपाळावर, चहा गार झालेला,
पाचशे अर्ज नुसते चाळून बाजूला ठेवलेले,
आणि बरोबर माझ्या ऊपाशी
तो चष्मा खाली घेतो.

बाबा पाणी प्यायला उठले.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार,
सव्वीस वर्षं काट्यासमोर.
म्हणाले, दाखव.
बोट ठेवून वाचत गेले, आकडे वाचतात तसं.
वडिलांचा व्यवसाय, इथे थोडं थांबले.
स्वतःचं नाव दोनदा वाचलं.
मग म्हणाले, बरोबर तर आहे सगळं.
मी ऊ दाखवला.
ते ऊकडे बघत राहिले,
मी त्यांच्याकडे.

असं बघ, म्हणाले,
गोणी काट्यावर ठेवली की गोणीचंही वजन येतं.
आत माल आणि वर बारदान.
बारदान वजा करतात, माल मोजतात.
गोणी फाटकी म्हणून कुणी कांदा परत पाठवत नाही.
मी म्हटलं, कधीच नाही?
बाबा खोटं बोलत नाहीत, हीच अडचण आहे.
म्हणाले, क्वचित. व्यापारी नवीन असला तर.

मग ते झोपले.
मी ऊ मोठा करून बघितला, दोन बोटांनी ताणून,
इतका की तो पूर्ण स्क्रीनभर झाला
आणि अक्षर राहिलाच नाही,
काळी वेल, खाली लोंबणारी.
शेजारी कुणीतरी मिक्सर लावला, एवढ्या रात्री.
सामंतकाकूंचा रोजा नसतो, पण डाएट असतं.

पहाटे साडेचारला बाबा निघाले.
डबा घेतला, किल्ली घेतली,
दार अर्धं उघडून थांबले.
तो ऊ, म्हणाले, लहान हवा होता का मोठा?
लहान.
आणि तू मोठा घातलास.
हो.
मग काय, म्हणाले,
जास्तच भरलंस.
कमी तर नाही ना.

जिना उतरताना त्यांच्या चपलेचा
एक पट्टा सैल वाजत राहिला,
तळमजल्यापर्यंत.