दीड सूत

गुरुवार, म्हणजे भोसरीत लाइट नाही.
नेमका तेव्हाच गुलाब मुलाणी दुकानात आला,
फडक्यात काहीतरी गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
मागं काळोखे. ट्रक त्यांचा.

अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल. दिवे घाटात ब्लॉक तडकला,
वीट भरलेली, मागं वऱ्हाडाच्या जीपा हॉर्न देतायत.
दुसरं इंजिन मिळालं कुदळवाडीत, किलोच्या भावानं,
मोडीत निघालेल्या कुठल्याशा टँकरचं.
गिअरबॉक्स मात्र जुनाच.
"तो नाही बदलायचा," काळोखे म्हणाले,
"तिसरा कसा पडतो ते मलाच ठाऊक आहे."

आता इंजिन एका गावचं, गिअरबॉक्स दुसऱ्या.
शाफ्टाला दाते चौदा, टँकरच्या प्लेटीला दहा.
गुलाबनं जुन्या प्लेटीचा हब छिनीनं सोडवला,
नवीत बसवून रिवेटा ठोकल्या,
बेल हाउसिंगची दोन भोकं कानशीनं लांबवली.
पण क्रँकचं भोक मोठं, शाफ्टाचं नाक बारीक,
तिथं त्याचं काही चालेना.
"दीड सूत. गनमेटलचं बुश पाहिजे. आजच."

मी व्हर्नियर लावला. दीड सूतच.
गुलाबचं एक बोट फॅनबेल्टनं नेलंय,
उरलेली नऊ खोटं बोलत नाहीत.

लाइट येईपर्यंत तिघं बसलो बाकड्यावर.
चहा झाला. परत झाला.
काळोखे बोलत नव्हते,
डावा पाय तेवढा फरशीवर दाबत होते, सोडत होते.

साडेपाचला मोटर फिरली.
पिवळा किस पडत राहिला माझ्या चपलांवर,
हाताला गरम लागलं बुश, नाण्यासारखं.

रात्री दिघी रोडच्या कडेला, बल्ब बॉनेटला टांगून,
जॅकवर गिअरबॉक्स, खाली गुलाब, वर मी.
"केसभर डावीकडं. अजून. आता ढकल."
खट्.
खालून आवाज आला, "जुळलं सूत."

काळोखे चढले. क्लच सोडला
एकतीस वर्षं सोडत आले तिथंच.
ट्रकनं बकरीसारखी उडी मारली आणि मेला.
पुन्हा. पुन्हा.
"वर धरतोय," गुलाब म्हणाला.
काळोखे आपल्याच पायाकडं बघत राहिले,
दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

त्याला बुश कुठून आणणार?
माझ्याकडं तर त्याचं मापही नाही.

मग त्यांनी डावी चप्पल काढली, खाली टाकली.
अनवाणी पाय पेडलवर ठेवला
आणि बराच वेळ तसाच ठेवला.
ट्रक हलला. रांगत रांगत
मॅगझिन चौकाकडं गेला.
वळणापलीकडं दुसरा पडला, जरा रडून.
मी आणि गुलाब थांबून राहिलो.
तिसरा पडला. ऐकू आला आम्हाला.

चप्पल मी दुकानात आणून ठेवलीय.
बुशचे दोनशे ऐंशीही राहिलेत.