स्प्रूसचा डिंक

एकवीस पानांवर सह्या केल्या आम्ही दोघांनी.
नळाचं पाणी किती अंशांपर्यंत तापावं,
औषधांचं कपाट किती उंच, किल्ली कुणाच्या खिशात,
धुराची घंटी महिन्यातून एकदा वाजवून बघायची
आणि वाजवल्याची तारीख लिहायची.
मासे साफ करायची सुरी, माझ्या बापाची,
चाळीस वर्षं खिळ्याला उघडी लटकत होती,
ती आता पेटीत. पेटीला कुलूप.
फिलोमिना म्हणाली, या घरात पहिल्यांदाच कुलूप आलंय, अँब्रोज.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला चोर यायचा तरी कसा,
त्यालाही बोट आम्हीच द्यायची.

केझिया आली तेव्हा बंदरात बर्फ होतं.
सात वर्षांची. पायात एक बूट.
दुसरा कुठे राहिला, ते तिच्या फायलीत नव्हतं.
पहिल्याच रात्री गुडघ्यावरचा वळ लिहून काढला:
रंग पिवळट, नाण्याएवढा, येतानाच होता.
असं लिहावंच लागतं.
लिहिता लिहिता पेन अडलं,
लेकराच्या अंगाची अशी पावती फाडतात का कुणी?
पण उद्या कोर्टाने विचारलं
तर कोरं पान काय साक्ष देणार.

गोष्ट सांगायची ती दार उघडं ठेवून,
माझी खुर्ची उंबऱ्याबाहेर.
हा नियम कागदावरचा नाही, आमचाच,
पण कागदावरच्यांहून कडक पाळलेला.
ती पांघरुणातून ओरडायची, ऐकू येत नाही!
मग मी बोंबलून वाचायचो,
इतका की शेजारच्या पायस म्हाताऱ्याला
अस्वलाचं पुढे काय झालं ते आधी कळायचं.

जूनमधला शुक्रवार.
स्प्रूसचा डिंक चघळायला मीच शिकवला होता तिला,
चूक माझी, तशी वहीत आहे.
शेडमागून आली ती रडत नव्हती,
फक्त मान तिरकी धरून चालत होती.
मुठीएवढा गोळा, मानेपासून वर, केसांत.

कात्री पेटीत. किल्ली माझ्याकडे. दोन मिनिटांचं काम.
पण केस कापायचे तर आईची परवानगी हवी.
मूल आमच्या घरात, केस तिच्या हुकमतीत.
डिम्फना बाईंचं ऑफिस पाचला बंद.
रात्रीच्या नंबरवर एक थकलेला आवाज:
जिवाला धोका आहे?
नाही.
मग सोमवारी बघू.

मी चिडलो. टेबलावर हात आपटला,
तिने दचकून बघितलं, आणि तेही मी लिहिलंय.

फिलोमिनाने लोण्याचा डबा काढला.
स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, मी दिवा धरून.
एकेक बट, लोणी, बोट, फडकं.
अडीच तास.
दीड तासानंतर कधीतरी केझिया टेबलाशी बोलावं तशी बोलली:
आई म्हणालीय, केस कमरेला टेकले की
ती मला समुद्र दाखवणार.

खिडकीबाहेर समुद्र होता.
खाडीभर, काळा, आवाज करत.
हा बघ ना, मी म्हणालो.
हा नाही, ती म्हणाली. तिचा.

सोमवारी डिम्फना बाईंचा फोन.
आई कापा म्हणालीय,
कितीही आखूड चालतील,
तिला लक्षातही नाही किती वाढलेत ते.

केझिया ओट्यावर बसून पाव खात होती,
केसांना अजून लोण्याचा वास,
पाठीमागे हात नेऊन मोजत होती.
मी फोन ठेवला. वही ओढली.
खोटं लिहायचं नाही, हा पहिल्याच पानावरचा नियम.

परवानगी मिळाली, लिहिलं.
वापरली नाही.
जरा थांबून, खालच्या ओळीवर:
कमरेपर्यंत अजून चार बोटं.