पत्ता

"दुकानाचं नाव?" मोबाईल विचारतो.
लोटनआप्पा म्हणतात, नाव कशाला,
खापर वाजवून घेतात लोक.

वैजूने तरी भरलं : आप्पांचं खापर, अमळनेर.
फोटोसाठी पालथं ठेवलं धुतल्या फडक्यावर.
काठाशी अंगठ्याचा ठसा राहिलेला,
तो दिसू द्यायचा का, यावर दुपार गेली.

वजन. उंची. रंग.
रंगापाशी आप्पा अडले :
भाजण्याआधीचा, की नंतरचा?

नकाशावरची खूण तर ऐकेचना.
घर सोडून
बोरीच्या कोरड्या पात्रात जाऊन बसते.
वैजू ओढून आणते, ती पुन्हा तिथेच.

"ऱ्हाऊ दे तठेच," आप्पा म्हणाले,
"माटी तठलीज शे."

पहिली मागणी सुरतेहून.
जुन्या गादीचा कापूस भरून खोकं बांधलं.
कुरिअरवाला येईतो
आप्पा खोक्यालाच
बोटाने वाजवून बघत होते.