डावं-उजवं

रोग्वीला पालथा झोपवून मी गुडघा दुमडते.
उजवी टाच ढुंगणाला टेकते,
डावी चार बोटं अलीकडेच अडते.
यंत्र म्हणतं, डाव्यात बळही कमी.

शनिवारच्या मॅचचं मी विचारण्याआधीच
हा एका पायावर तयार.
तोच तर घोटाळा आहे, म्हणते मी.

फेरोच्या आमच्या बेटावर सपाट जमीन एवढीच:
मैदान. काठाला होडी,
समुद्रात गेलेला चेंडू आणायला.
बाकी सगळा उतार.
सहाव्या वर्षापासून मेंढ्यांमागे
हा डोंगराला एकाच अंगाने वळसा घालतोय,
उजवा पाय वर, दुमडलेला,
डावा खाली, काठीसारखा ताठ.
"आजोबांचीही तीच वाट," तो सांगतो.
"त्यांची विजार आहे घरी,
फक्त उजवा गुडघा विटलेला."

मी कागदावर लिहून देते:
डाव्या पायाने पायरी, दहा-दहादा, तीन वेळा.
मग जरा संकोचून, खाली:
मेंढ्या उलट्या अंगाने हाकणे.

मंगळवारी येतो, केसांत पाऊस, बुटांत चिखल.
"मी वळलो," म्हणतो,
"मेंढ्या नाही वळल्या."

पालथा झोपतो. मी डावी टाच दुमडत नेते.
साडेतीन बोटं.
पुन्हा मोजते.