सूर थोडा उतरलेला

एबारिस्तो बिदार्त, पियानो जुळवून देणारे,
जुलैच्या थंडीत आले
मोंतेविदेओच्या कोर्दोन भागात, माझ्या टपरीवर.
काखेत थर्मास, गळ्यात मफलर.
फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले,
हा मूग गिळून बसलाय.

पंधरा दिवस.
इमेल येतात म्हणे, पण हा हाक मारत नाही.
नन्सच्या शाळेनं दोनदा लिहिलं,
तिसऱ्यांदा लिहिलं नाही,
दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं,
आणि तो माणूस, यांच्या मते,
स्क्रू पिळावा तशा तारा पिळतो.

मी आवाज पाहिला. पूर्ण होता.
चंद्रकोर पाहिली. रात्री दहा ते सकाळी सात,
एवढी झोप कुणालाही माफ.
परवानग्या दिलेल्या. सिंक चालू.
मेलच्या पोटातल्या मेन्यूत,
जिथे सहसा कुणी फिरकत नाही,
तिथेही सगळं जागच्या जागी.

मग बॅटरीत शिरले.
तिथे एक यादी असते, झोपवलेल्या ॲपची.
होकायंत्र,
नातवानं टाकलेला मोटारींचा खेळ,
आणि दोघांच्या मधे, पांघरूण ओढून, मेल.

तुम्ही बरेच दिवस जे उघडत नाही
ते तुम्हाला नकोच आहे, असं हा धरून चालतो,
मी म्हटलं.

पण ते वाजल्याशिवाय मी उघडू कशाला?

आणि तुम्ही उघडल्याशिवाय ते वाजणार नाही.

ते जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, माझं आणि माझ्या भावाचं असंच झालंय,
नऊ वर्षं.

मी त्यावर काही बोलले नाही.
मेलला यादीतून उठवलं,
‘निर्बंध नाहीत’ वर बोट ठेवलं,
फोन बंद करून चालू केला
आणि माझ्या फोनवरून त्यांना दोन शब्द धाडले :
चाचणी. निल्दा.

वाट पाहिली.
बाहेर एकशे एकवीस नंबरची बस थांबली, गेली.
मागे एक मुलगा फुटकी काच घेऊन उभा,
त्याच्यामागे एक बाई, चार्जर हातात.

टिंग.

मी हसले. ते हसले नाहीत.
कोटाच्या खिशातून त्यांनी दुबेळकं काढलं, पोलादी,
गुडघ्यावर आपटून कानाशी धरलं.
पुन्हा पाठवा.
पुन्हा पाठवलं. टिंग.
उतरलाय, म्हणाले. केसभर.
हा चढवता येईल?

नाही. तो कंपनीत भरलेला असतो.

मग बसले स्टुलावर, एकामागून एक
फोनमधले सगळे आवाज ऐकत.
थेंब, घंटा, पक्षी, काचेचा पेला,
‘सकाळ’ नावाचं काहीतरी.
प्रत्येकाला नाक मुरडत.
मुलगा काच तशीच घेऊन निघून गेला,
बाईनं चार्जर दुसरीकडून घेतला असणार.
शेवटी सगळे आवाज नाकारून
त्यांनी नुसती थरथर ठेवली.
पियानोच्या झाकणावर ठेवेन, म्हणाले,
लाकूड मला सांगेल.

मी दोनशे पेसो मागितले.
त्यांनी तीनशे ठेवले आणि पावती मागितली.

माझा फोन मी कामात मुका ठेवते.
रोज पन्नास फोन बोलते करायचे,
त्यात आपला कशाला.
त्यामुळे त्यांचं उत्तर मला दिसलं
अकरा दिवसांनी,
जाहिरातींच्या ढिगाखाली, त्याच दिवशीचं,
संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांचं.

‘आदरणीय निल्दाबाई,
आपली चाचणी पोचली. दोन्ही वेळा.
शाळेला लिहिलं आहे. भावाला अजून नाही.
आपल्या टपरीतली ट्यूबलाइट
एकाच सुरात गुणगुणत असते,
तो सूरही उतरलेला आहे. चोक बदलून घ्या.
कळावे.’

नऊ वर्षं त्या ट्यूबखाली बसतेय मी.
कधी ऐकली नव्हती.
आता दुसरं काही ऐकूच येत नाही.